मोटरसायकलचे ऑइल बदलताना

मोटरसायकल चालवण्याचा परवाना मिळायला मला अजून तीन वर्षे आहेत. पण मोटरसायकलचे ऑइल बदलायला परवाना लागत नाही. त्यामुळे आमच्या घरी, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, सुट्टीत घरी आलो की हे काम माझ्याकडे असते. गाडी २००६ सालची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. ती आजोबांनी घेतली आणि आता तिच्यावरून बाबा रोज सिलतरा औद्योगिक क्षेत्रात कामाला जातात. आजोबा रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते. त्यांनी मला हे काम शिकवले. शिकताना मी एकदा ते चांगलेच बिघडवलेही. दोन्ही गोष्टी सांगतो, कारण वर्गातल्या बऱ्याच मित्रांच्या घरी मोटरसायकल आहे आणि हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे.

ऑइल काय करते?

स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, म्हणजे चहाच्या एका छोट्या कपाएवढे. गाडी मध्यम वेगाने चालली असताना त्याचा क्रँकशाफ्ट मिनिटाला साधारण चार हजार फेरे मारतो. चार हजार भागिले साठ म्हणजे सेकंदाला छासष्टहून अधिक फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तो दोन-तीनशे वेळा वरखाली होऊन जाईल. धातूवर धातू इतक्या वेगाने घासला तर काही मिनिटांत इंजिन जॅम होईल. तसे होत नाही, कारण दोघांच्या मध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो.

आजोबा हे रेल्वेच्या भाषेत समजावतात. वॅगनच्या चाकाच्या बेअरिंगमधले वंगण संपले किंवा बिघडले, की ॲक्सलबॉक्स तापतो. त्याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात. वेळीच लक्षात आले नाही तर ॲक्सल तुटून गाडी रुळावरून घसरू शकते. म्हणून मालगाडी जाताना स्टेशनवरचा माणूस रुळाजवळ उभा राहून धूर, जळका वास, चाकाचा आवाज यांवर लक्ष ठेवतो. तसे काही दिसले तर गाडी थांबवतात आणि तो डबा बाजूला काढतात. आजोबा म्हणतात, “पन्नास टन माल असलेला डबा मूठभर वंगणासाठी थांबतो. मग तुझी फटफटी कोण लागून गेली?”

घर्षण कमी करणे हे ऑइलचे पहिले काम. पण मोटरसायकलमध्ये त्याला आणखी चार कामे असतात. आमच्या गाडीला रेडिएटर नाही, इंजिन हवेने थंड होते. ज्या भागांपर्यंत हवा पोहोचत नाही तिथली उष्णता ऑइल उचलून बाहेरच्या भिंतीपर्यंत आणते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली फट ते भरते, त्यामुळे दाब टिकतो. आतला धातू गंजू देत नाही. आणि काजळी व धातूचा चुरा स्वतःमध्ये धरून ठेवते. म्हणून ऑइल काळे होते. पुष्कळांना वाटते की काळे झाले म्हणजे ऑइल खराब झाले. थोडे काळे होणे हे ते साफसफाई करत असल्याचे लक्षण आहे. पण कचरा धरून ठेवण्याचीही एक मर्यादा असते. उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण होते, त्यात मिसळलेली रसायने संपत जातात. ती मर्यादा येण्याच्या आधी ऑइल बदलायचे असते.

मोटरसायकलच्या ऑइलचे हाल कारच्या ऑइलपेक्षा जास्त होतात. बहुतेक कारमध्ये इंजिनचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते. आमच्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. गिअरचे दाते ऑइलमधल्या लांब साखळ्यांच्या रेणूंना अक्षरशः चिरडतात, आणि ऑइल हळूहळू पातळ होते.

बाटलीवरचे आकडे

बाटलीवर ‘१०डब्ल्यू-३०’ असे काहीतरी छापलेले असते. ही ऑइलच्या दाटपणाची खूण आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान तितके थंडीत ऑइल लवकर वाहणार. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइल किती दाट राहते ते सांगतो. हे दोन्ही आकडे असलेल्या ऑइलला मल्टिग्रेड म्हणतात. रायपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून काही जण आपल्या मनाने जास्त दाट ऑइल भरतात. पण इंजिनच्या आतले तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त असते आणि कंपनीने त्याचा विचार केलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड लिहिला असेल तोच घ्यावा.

दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे, ती म्हणजे ‘जासो एमए’. ही जपानी वाहन मानकांची खूण आहे. आपल्या गाडीचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि त्याच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरून राहायला हव्यात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण फार कमी करणारी द्रव्ये असतात. ती क्लचमध्ये गेली की चकत्या घसरतात, इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही. म्हणून कारचे उरलेले ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नये.

तयारी

परेडच्या आधी किट मांडून बघतो, तसे सगळे सामान आधी मांडून घ्यावे. मध्येच उठून पाना शोधायला लागले की हात ऑइलने माखलेले असतात आणि घरभर ठसे उमटतात. हा माझा अनुभव आहे.

काय लागते ते सांगतो. १७ नंबरचा रिंग पाना. उघड्या तोंडाचा पाना बोल्टच्या कडा खातो, तो नको. जुने ऑइल धरायला एक पसरट घमेले. आजीची परात चालत नाही, हे आमच्याकडे एकदाच ठरले आहे. नवे ऑइल, मापाचे भांडे, नरसाळे, सुती चिंध्या, हातमोजे, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर आणि जुने ऑइल साठवायला झाकणाचा रिकामा कॅन. हातमोजे नखऱ्यासाठी नाहीत. वापरलेले इंजिन ऑइल वारंवार आणि बराच वेळ कातडीला लागणे आरोग्याला घातक आहे, असा इशारा गाड्यांच्या पुस्तिकांतही दिलेला असतो.

काम, पायरीपायरीने

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन मोकळ्या हवेत तीन-चार मिनिटे चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होते, लवकर वाहते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन जाते. दूरवरून आलेल्या गाडीचे ऑइल मात्र लगेच काढू नका. ते हात पोळण्याइतके गरम असते.

२. इंजिनच्या उजव्या बाजूला ऑइल भरण्याचे झाकण असते, त्यालाच डिपस्टिक जोडलेली असते. आधी ते झाकण आणि आजूबाजूचा भाग पुसून मगच ते उघडा, नाहीतर धूळ आत पडेल. झाकण उघडल्याने वरून हवा आत येते आणि खालून ऑइल धारेने पडते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, त्याचे कारणही हेच.

३. इंजिनच्या तळाशी ड्रेन बोल्ट असतो. त्याच्याभोवतीची माती पुसा आणि खाली घमेले ठेवा. आता बोल्ट सैल करायचा आहे. इथे बहुतेक नवशिके चुकतात. बोल्टचे डोके जमिनीकडे असते, आणि आपण वरून वाकून बघत असतो. बोल्टकडे समोरून, म्हणजे खालून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सैल होतो. पण वरून पाहणाऱ्याला तीच दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिसते. डोके चक्रावले तर सरळ जमिनीवर आडवे व्हा, खालून बघा आणि मगच पाना लावा. सैल करतोय असे समजून आवळत राहिलात तर नुकसान पक्के.

४. पान्याने अर्धा-पाऊण फेरा झाला की पुढचे हाताने. शेवटच्या आट्यांवर बोल्ट वर दाबून धरत फिरवा आणि सुटला की चटकन बाजूला घ्या. ऑइलची पहिली धार जोरात येते, म्हणून घमेले बरोबर तिच्याखाली हवे. बोल्ट घमेल्यात पडला तर घाबरू नका, पण वॉशर बोल्टला आहे की इंजिनला चिकटून राहिला आहे हे नक्की बघा.

५. दहा मिनिटे तरी थांबा. गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे कलती करा. चावी बंद ठेवून चार-पाच किका मारल्या की आत अडकलेले ऑइलही निघते. या वेळात घमेल्यातले ऑइल तपासा. आजोबा याला ‘रक्त तपासणी’ म्हणतात. काळेपणा चालतो. पिठासारखी बारीक चमक जुन्या इंजिनात दिसू शकते. पण धातूचे तुकडे किंवा पापुद्रे दिसले, ऑइल दुधट दिसले म्हणजे पाणी शिरले असेल, किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी मिस्त्रीला दाखवा.

६. बोल्ट पुसा. नवा वॉशर घाला. हा वॉशर मऊ धातूचा असतो. तो थोडा चेपला जातो आणि त्यामुळेच गळती थांबते. एकदा चेपलेला वॉशर दुसऱ्यांदा तितका नीट बसत नाही. बोल्ट आधी फक्त बोटांनी तीन-चार फेरे लावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागतोय. काढा आणि पुन्हा लावा. शेवटी पान्याने आवळा. किती आवळायचा, ते पुढे सांगतो. माझी गोष्ट तिथेच आहे.

७. नरसाळ्याने नवे ऑइल ओता. आमच्या गाडीसाठी ९०० मिलीची बाटली मिळते, पण ती डोळे मिटून उलटी करायची नाही. आधी साधारण ७०० मिली ओता आणि मग थोडे थोडे वाढवा. बाटलीपेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. झाकण लावून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, बंद करा, पुन्हा दोन-तीन मिनिटे थांबा. डिपस्टिक पुसून आत घाला, पण या गाडीत मोजताना तिचे आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवे. कमी वाईट हे सगळ्यांना माहीत असते. जास्तही वाईटच. जादा ऑइल घुसळले जाऊन त्यात फेस होतो, सीलवर दाब येतो आणि ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत जाऊ शकते.

८. मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा.

फिल्टर बदलायचा नाही का, असा प्रश्न येईल. काही मोटरसायकलींना कागदी फिल्टर असतो आणि तो पुस्तिकेप्रमाणे बदलावा लागतो. स्प्लेंडरला तो नाही. तिच्यात एक जाळीची गाळणी आणि एक सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. हा दुसरा फिल्टर मला फार आवडतो, कारण तो म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला धडा आहे. क्रँकशाफ्टवर एक छोटी डबी बसवलेली असते. ती शाफ्टबरोबर गरगर फिरते. ऑइल तिच्यातून जाताना जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि तिथेच चिकटून बसतात, स्वच्छ ऑइल पुढे जाते. कपड्यांच्या ड्रायरमध्ये आपण हेच तत्त्व पाहतो. ही डबी साफ करायला इंजिनचे उजवे कव्हर उघडावे लागते आणि नवे गॅस्केट लागते, म्हणून ते काम आम्ही मिस्त्रीकडेच देतो.

बोल्ट किती आवळायचा?

आता माझी चूक. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबा दुपारी झोपले होते. दोनदा त्यांच्यासोबत काम केले होते, म्हणून म्हटले, या वेळी एकट्याने करून दाखवू. सगळे नीट झाले. नवा वॉशर आणला नव्हता, तोच जुना लावला. मनात भीती होती की गळेल. म्हणून पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवला आणि जोर लावून बोल्ट आवळला. तो घट्ट होत गेला, होत गेला आणि मग एकदम हाताला मऊ लागला. पाना सहज पुढे सरकला.

काहीतरी बिघडले हे मला त्याच क्षणी कळले. पण गळत नव्हते. मी ऑइल भरले, जागा पुसली आणि कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा गाडी घेऊन सिलतऱ्याला गेले. घरापासून ते पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्ता ट्रकांनी भरलेला असतो. नऊ वाजता आजोबांनी अंगणात गाडीच्या जागी ताटलीएवढा डाग पाहिला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितले आणि बाबांना फोन लावला. बाबा कारखान्यात पोहोचले होते. त्यांनी पाहिले तर इंजिनचा तळ आणि मागचा टायरही ऑइलने ओला होता. मागच्या टायरला ऑइल लागलेली गाडी वळणावर कशी घसरते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी गाडी छोट्या टेम्पोतून घरी आली.

बाबा ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “रात्री सांगितलं असतंस तर मी बसने गेलो असतो.”

मिस्त्रीने बोल्ट काढून दाखवला. त्याच्या आट्यांत चांदीसारखी तार गुंडाळली गेली होती. ती तार म्हणजे इंजिनच्या तळाचे आटे होते. बोल्ट पोलादाचा असतो आणि इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा. दोघांत मऊ कोण, तर ॲल्युमिनियम. म्हणून जास्त आवळले की बोल्टला काही होत नाही, इंजिनचे आटे निघून येतात. बोल्ट पन्नास रुपयांत नवा मिळतो, इंजिनचा तळ नाही. मिस्त्रीने भोक मोठे करून त्यात नवे आटे बसवले. जाताना तो छत्तीसगढीत म्हणाला, “जादा झन कस, बाबू.” म्हणजे, जास्त आवळू नकोस.

शाळेत परत आल्यावर बलाचे आघूर्ण शिकताना मी त्या दिवसाचे गणित करून पाहिले. अशा बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. पाना २० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ मीटर लांब धरला तर २५ भागिले ०.२ म्हणजे १२५ न्यूटन. साडेबारा किलो वजन उचलायला लागेल एवढा जोर झाला, म्हणजे एका हाताची सरळ ओढ. त्याहून जास्त लागत नाही. पाइप लावून मी दांडा ६० सेंटिमीटर केला होता. जोर तोच ठेवला असता तरी आघूर्ण तिप्पट, ७५ न्यूटन-मीटर. आणि मी जोर वाढवलाही होता. ॲल्युमिनियमने बिचाऱ्याने किती सहन करावे? गळतीच्या भीतीने मी आवळत गेलो, आणि त्यामुळेच गळती झाली. वीस रुपयांच्या आतला वॉशर आणला असता तर एवढा जोर लावावासाच वाटला नसता.

म्हणून नियम असा : नवा वॉशर, बोटांनी सुरुवात, बोल्ट टेकला की पान्याने थोडेसे, आणि पाइप कधीच नाही. टॉर्क पाना असेल तर उत्तम.

जुने ऑइल कुठे जाते?

घमेल्यात आता जवळपास लिटरभर काळे ऑइल आहे. रस्त्याकडेच्या नालीत ओतले की दोन सेकंदांत काम संपते, आणि पुष्कळ ठिकाणी तेच होते. पण ते जाते कुठे याचा विचार करा. रायपूर हे तळ्यांचे गाव. आमच्या घराजवळचा बूढा तालाब, ज्याला विवेकानंद सरोवर म्हणतात, पलीकडचा तेलीबांधा, आणि वस्त्यावस्त्यांतली लहान तळी. पावसाळ्यात नाल्यांचे पाणी तळ्यांत आणि खारून नदीत उतरते. खारून पुढे शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. आणि आमच्या नळाला येणारे पाणी खारूनचेच असते.

ऑइल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते वर पसरते. थेंबभर ऑइल पाण्यावर टाकून बघा, इंद्रधनुष्यी तवंग केवढा होतो. असा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही आणि माशांचा श्वास कोंडतो. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कणही असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळच्या ऑइल बदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते. आपल्याकडेही २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते, आणि एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारीही टाकली गेली आहे. कारण हे ऑइल फेकण्याची वस्तूच नाही. ते शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येते.

आम्ही ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, ज्या गॅरेजमध्ये जुने ऑइल पिंपात गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतात तिथे नेऊन देतो. त्यात पाणी, पेट्रोल किंवा रंग मिसळायचा नाही. नवे ऑइल घेतल्यावर रिकामी बाटली कापून किंवा भोक पाडून टाकावी, म्हणजे तिच्यात बनावट ऑइल भरून कोणी विकणार नाही. हेही आजोबांनीच शिकवले.

आपल्याशी याचा संबंध

जबलपूरच्या सिग्नल कोअरच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाचे मोटरसायकलींवरचे मनोरे आपण प्रजासत्ताक दिनाला पाहतो. हे पथक १९३५ पासूनचे आहे. आपले लक्ष वर उभ्या असलेल्या जवानाकडे असते. पण त्याचा सगळा भार खालच्या गाड्यांवर असतो, आणि त्यांचे बोल्ट कोणीतरी तपासलेले असतात. सैन्यात गाड्या आणि शस्त्रे दुरुस्त ठेवण्यासाठी १९४३ पासून ईएमई नावाची स्वतंत्र कोअर आहे. शिवाय प्रत्येक युनिटमध्ये चालक स्वतः गाडी तपासतात, त्याला ‘मेंटेनन्स परेड’च म्हणतात. पूर्वी मला वाटायचे, पुसापुशीला परेड कशाला म्हणायचे? आता वाटत नाही. आपण आवळलेल्या बोल्टच्या भरवशावर दुसरा कोणीतरी निघतो. तो बोल्ट बिघडला असेल तर त्याला निघण्याआधी सांगावे लागते.

या मे महिन्यात मी पुन्हा ऑइल बदलले. पहाटे साडेपाचला, कारण आठनंतर अंगणात बसवत नाही. आजोबा खुर्चीवर बसले होते. नवा वॉशर मी दोन दिवस आधीच आणून ठेवला होता. बोल्ट टेकल्यावर एक हाताची ओढ दिली आणि थांबलो. हात अजून थोडे आवळू पाहत होता, पण मी पाना खाली ठेवला. आजोबा काही बोलले नाहीत.

त्या रात्री त्यांनी सांगितल्याप्रमाणे बोल्टच्या बरोबर खाली वर्तमानपत्राचा कोरा भाग पसरून ठेवला. ही युक्ती साधी आहे, सगळ्यांनी करावी. फरशीवर एखादा थेंब दिसत नाही, कागदावर दिसतो. सकाळी बाबांच्या आधी उठून टॉर्च घेऊन खाली वाकलो. कागद कोरडा होता. तो बाबांना दाखवला, मग त्यांनी किक मारली.